दोन्ही हात, एकदम

"मशीन परफेक्ट लेव्हलमध्ये आहे, साहेब," मी म्हणालो आणि काचेवर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. उभी ठेवली, मध्ये. आडवी ठेवली, मध्ये. इतकी सुरेख लेव्हल मी पॉवर प्रेसच्या फाउंडेशनवरही क्वचितच साधली असेल.

कस्तुरे साहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, लेव्हलकडे बघतच नव्हते. ते काचेच्या आत बघत होते. आत स्टीलचा बॉल बोर्डाच्या मधोमध उभा होता. वर जात नव्हता, खाली येत नव्हता. माझ्यामागे कॅन्टीनमध्ये वीस-पंचवीस माणसं ताटं हातात घेऊन उभी होती आणि त्यातल्या कोणाला तरी हसू आवरलं नाही.

"गायके," साहेब शांतपणे म्हणाले, "हे मशीन उतरतं ठेवायचं असतं. बॉल खाली आलाच नाही तर खेळणार काय?"

मला माझं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर होतो. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची ही गोष्ट. प्रेसखाली पत्रा दाबून त्याचे पार्ट काढायचे, हा कंपनीचा धंदा. मेंटेनन्सवाल्याच्या ताब्यात नवीन मशीन दिलं की तो आधी लेव्हल लावतो आणि मशीन कशाचं आहे ते नंतर विचारतो. पिनबॉलचं मशीन मी तसंच बसवलं होतं. चारी पायांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून, अर्धा दिवस घाम गाळून.

हे मशीन आमच्याकडे आलं ते एका जर्मन इंजिनिअरमुळे. नवीन प्रेस उभ्या करायला ते दोन वर्षं इथं होते. गेस्ट हाऊसवर वेळ जात नाही म्हणून त्यांनी ते कुठूनसं मागवलं होतं. परत जाताना कॅन्टीनला भेट देऊन गेले. कस्तुरे साहेब गेस्ट हाऊसवर त्यांच्याबरोबर नेमानं खेळायचे, ही बातमी आम्हाला होती. तिचं महत्त्व मात्र तेव्हा कळलं नाही.

ज्यांनी पिनबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमरेएवढी उंच, चार पायांची लांबट पेटी. वर काच, आत उतरता रंगीत बोर्ड. उजव्या कोपऱ्यातला स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की बॉल वर जातो आणि इकडेतिकडे आपटत खाली येतो. तळाशी दोन फ्लिपर असतात, म्हणजे बोटाएवढ्या दोन फळ्या. पेटीच्या डाव्या अंगाला एक बटण, उजव्या अंगाला एक. बटण दाबलं की त्या बाजूची फळी उसळते आणि बॉलला परत वर हाणते. दोन फळ्यांमधल्या फटीतून बॉल घसरला की तो गेला. असे तीन बॉल मिळतात. मागच्या उभ्या काचेवर मार्क दिसतात. नाणं टाकायची सोय होती, ती मी एक वायर जोडून निकालात काढली. या मशीनवर माझं एवढं एकच काम पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

उतार दिल्यावर बॉल पळायला लागला आणि पुढचं वर्षभर प्रेस शॉपची माणसं त्याच्यामागे पळाली. अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत भाकरी संपवायची आणि लाइनीत उभं राहायचं. पण आमच्या लोकांचा बॉल काही टिकायचा नाही. दांडा ओढला, दोन-चार ठिकाणी टण्‌टण् वाजलं, की फटीतून खाली. प्रेस शॉपचा रेकॉर्ड होता अकरा हजार मार्कांचा, आणि तोही कसा झाला हे करणाऱ्याला सांगता येत नव्हतं.

कॅन्टीनमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे ऑफिसर जेवायचे, अलीकडे कामगार. पार्टिशनला चिकटून एक टेबल होतं, ते आम्हा सुपरवायझरांचं. आम्ही ना इकडचे ना तिकडचे. आठवड्यातून दोनदा कस्तुरे साहेब पार्टिशनच्या बाहेर यायचे, शर्टाच्या बाह्या दुमडायचे, तीन बॉल खेळायचे, चाळीस हजारांच्या आसपास मार्क करायचे आणि हात धुऊन निघून जायचे. कुणी विचारलं, साहेब कसं केलं, तर म्हणायचे, "प्रॅक्टिस." बाकी अवाक्षर नाही.

त्यामुळे प्रेस शॉपमध्ये एक सिद्धांत तयार झाला. मशीन ऑफिसला सामील आहे. मग लोक मशीनवर राग काढायला लागले. बॉल फटीकडे निघाला की पेटीला हिसका, खाली गेला की पायाला लाथ. आत एक ओळंबा असतो, गवंड्याकडे असतो तसाच, एका कड्याच्या मधोमध लटकलेला. मशीन हलवलं की तो कड्याला टेकतो, 'टिल्ट' असा लाल दिवा लागतो आणि फ्लिपर मरून पडतात. याला आमच्याकडे 'मशीन रुसलं' म्हणायचे. ते दिवसातून वीस वेळा रुसायचं आणि समजूत काढायला मला बोलवायचे.

दसऱ्याला तीन आठवडे होते तेव्हा कस्तुरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मशीन वरच्या मजल्यावर ऑफिसर्स रूममध्ये हलवा. खाली त्याचे हाल होतायत.

मला एकदम कॅरम आठवला. कॅन्टीनमध्ये पूर्वी एक कॅरम बोर्ड होता. तो दोन वर्षांपूर्वी रिपेअरसाठी वर गेला आणि तिथेच रमला. वर नेणारा मीच होतो. त्या दिवसापासून प्रेस शॉपमधली काही माणसं माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती, आणि ते मला लागलेलं होतं.

मी म्हणालो, साहेब, त्यांच्याकडे तेवढं एकच आहे.

"गायके, तुमची माणसं खेळत नाहीत, ठोकतात. त्यांना ते येणार नाही."

शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी मुकाट्यानं मशीन हलवलं असतं. सुपरवायझरला मुकाट्यानं पुष्कळ गोष्टी हलवाव्या लागतात. पण 'येणार नाही' हे मला झोंबलं. मी म्हणून बसलो की खंडेनवमीपर्यंत वेळ द्या, प्रेस शॉपचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त मार्क करून दाखवेल. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ठीक आहे, पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर तीन-तीन बॉल. तुमचा माणूस जिंकला तर मशीन खालीच राहील, नाहीतर तुम्हीच ते वर न्यायचं.

खाली येताना जिन्यावरच माझ्या लक्षात आलं, की मला स्वतःला आठ हजारांच्या वर कधी जाता आलेलं नाही.

माणूस निवडताना सगळ्यात मोठ्यानं बोलणारे सात-आठ जण मी आधीच बाजूला काढले. मग उरला दादाराव सोनवणे. चार नंबर प्रेसचा ऑपरेटर, देवगाव रंगारीचा. शेती भाऊ बघायचा, हा मुकुंदवाडीत खोली घेऊन राहायचा. वीस वर्षं एकाच प्रेसवर. वर्षभरात तो मशीनवर फार तर दहा वेळा खेळला असेल, पण रोज डबा हातात धरून बाजूला उभा राहून बघायचा. आणि त्यानं मशीनला कधी लाथ मारलेली मी पाहिली नव्हती.

त्याला सांगितलं तर तो घाबरला. "साहेब, दुसरा कुणी बघा. कॅरम गेला. माझ्यामुळं हे बी गेलं तर मला कॅन्टीनमध्ये घास गिळायचा नाय."

मी म्हणालो, मलाही नाही गिळणार. म्हणून तर शिकायचं.

फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटायची. त्यानंतर एक तास कॅन्टीन रिकामं असायचं. कॅन्टीनचे कॉन्ट्रॅक्टर रफिकभाई तेवढे भांडी मोजत बसलेले. पहिल्या दिवशी मी दादारावला नुसतं खेळायला लावलं आणि बाजूनं बघत राहिलो. एखादं मशीन का बिघडतं ते कळत नसेल तर आम्ही हेच करतो. हात लावायचा नाही, बघायचं.

तिसऱ्या बॉलला मला दिसलं. बॉल डावीकडून येवो की उजवीकडून, दादाराव दोन्ही बटणं दाबायचा. दोन्ही हात, बरोबर एकाच क्षणी. आणि दोन्ही फळ्या एकदम वर गेल्या की मधली फट दुप्पट रुंद होते. एका फळीनं बॉल वाचवावा तोवर दुसरी त्याला दार उघडून द्यायची.

मी म्हणालो, एका वेळी एकच दाब. तो म्हणाला, व्हय साहेब. आणि परत दोन्ही दाबली. पाच-सहा वेळा सांगून झाल्यावर मला कळलं की हा रोग कुठला आहे आणि तो आणलाय कुणी.

पॉवर प्रेस म्हणजे काही टनांच्या जोरानं खाली येणारा घण. त्याच्याखाली हात राहिला तर हात राहत नाही. म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी ती जागची हलत नाही. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात आत नाही, असा हिशोब. आमच्या सगळ्या प्रेसवर ते सर्किट मी स्वतः बसवलेलं होतं. प्रत्येक नवीन ऑपरेटरकडून मी ते घोकून घ्यायचो. शॉपच्या भिंतीवर हातभर अक्षरात रंगवलेलं होतं: 'दोन्ही हात, एकदम'. अक्षरंही मीच आखून दिली होती.

म्हणजे वर्षभर आमची माणसं पिनबॉलवर माझ्या सेफ्टी ट्रेनिंगचा दाखला देत होती, आणि ऑफिसातल्या लोकांना प्रेस कशाशी खातात हे माहीत नसल्यामुळे ते जिंकत होते. मी हे दादारावला सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग आमचा खेळ तुम्हीच बिघडवला म्हणा की." त्याचा आवाज इतका सरळ होता, की तो चेष्टा करतोय का हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दोन हातांची जोडी फोडायची कशी? उपाय रफिकभाईंकडे होता. त्यांनी एक काचेचा ग्लास काठोकाठ चहानं भरला आणि दादारावच्या डाव्या हातात दिला. आता फक्त उजवं बटण खेळायचं. डावा हात नुसता हलला तरी गरम चहा मनगटावर. "गिरी तो दूसरी नहीं मिलती, पैलेच बोल देतूं," रफिकभाई म्हणाले. पहिल्या दिवशी दादाराव चार वेळा भाजला. दुसऱ्या दिवशी दोनदा. मग ग्लास उजव्या हातात आला. आठवड्याच्या शेवटी त्यानं पूर्ण गेम खेळून तोच चहा पिऊन दाखवला. गार झाला होता, पण कमी झालेला नव्हता.

आता हात सुटे झाले, तरी मार्क चौदा हजारांच्या वर जाईनात. तेव्हा मला मॅन्युअलची आठवण झाली. मशीनच्या मागच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. एकदा बल्ब बदलताना मी ते पाहिलं होतं आणि बल्बच्या आड येतं म्हणून बाजूला सारलं होतं. ते घरी नेलं आणि जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. बायकोनं विचारलं, डिपार्टमेंटल परीक्षा आहे का? मी हो म्हणालो. फार खोटं नव्हतं ते.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की खेळाचे नियम मशीनवरच, डाव्या फ्लिपरच्या खाली, काचेच्या आत कार्डावर छापलेले आहेत. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर त्या जागी 'शुभ-लाभ'चं लाल-पिवळं स्टिकर. मागच्या खंडेनवमीला पूजा करताना कुणीतरी जागा शोधली, तर बोर्डावर ती एकच बिनरंगाची पांढरी चौकट दिसली. म्हणून काच सरकवून तिथंच लावलं. वर हळदीकुंकू. त्यानंतर काच पुसायला म्हणून कितीदा तरी निघाली असेल, पण स्टिकर काढायची कुणाची छाती झाली नाही. माझीही होईना. वर्कशॉपमध्ये मी पस्तीस टनी प्रेस मोकळी करतो, पण शुभ-लाभला पकड लावायची म्हणजे जरा विचार पडतो.

शेवटी दादारावनंच काढलं. रफिकभाईंकडून गरम पाणी मागितलं, फडकं भिजवून स्टिकरवर ठेवलं, कडा सुटेपर्यंत थांबला. मग दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि मशीनच्या बाहेरच्या अंगाला, बटणाच्या वर, नीट सरळ चिकटवून नमस्कार केला. खाली कार्ड होतं. सहा ओळींचं. वर्षभर आम्ही ज्याच्यावर डोकं आपटत होतो, ते सहा ओळींत लिहिलेलं होतं.

मी वाचत गेलो आणि दादारावला सांगत गेलो. बोर्डाच्या मध्ये तीन गोल टोप्या होत्या. बॉल त्यांच्यावर आदळला की केवढा आवाज, केवढे दिवे. आमची सगळी माणसं बॉल तिकडे घालण्यासाठी धडपडायची. कार्डावर त्यांची किंमत होती दहा मार्क. आमच्या मंथली मीटिंगमध्येही हेच चालायचं, सगळ्यात मोठा आवाज करणाऱ्यांचं काम इतकंच भरायचं. खरे मार्क होते डाव्या भिंतीजवळच्या पाच छोट्या पट्ट्यांत. बॉलनं पट्टी पाडली की फ्लिपरच्या वरच्या ओळीतला एक दिवा लागतो. एक दिवा म्हणजे हजाराचा बोनस. पाचही पाडल्या की बोनस दुप्पट होतो आणि पट्ट्या परत उभ्या राहतात. हा बोनस लगेच मिळत नाही. बॉल खाली गेल्यावर मशीन दिवे मोजतं आणि मग मार्कांत टाकतं. आणि मशीन रुसलं तर त्या बॉलचा सगळा बोनस बुडाला.

दादारावनं शेवटची ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "म्हंजी आपले लोक हलवून हलवून स्वतःचंच पुसून टाकत व्हते."

उरला बॉलवरचा ताबा. पुस्तकात लिहिलं होतं, आलेला बॉल लगेच मारू नका. बटण दाबून फ्लिपर वर धरून ठेवा. बॉल घरंगळत येतो आणि फळी नि भिंत यांच्या खोबणीत बसून राहतो. मग पाहिजे तेवढा वेळ घ्या. बटण सोडलं की बॉल फळीवरून टोकाकडे सरकायला लागतो. फळीच्या मुळाशी असताना मारला तर तो आपल्याच बाजूनं वर जातो, टोकाशी येऊ दिला तर समोरच्या बाजूला. म्हणजे डाव्या पट्ट्या पाडायच्या तर बॉल उजव्या फ्लिपरवर थांबवायचा, टोकापर्यंत येऊ द्यायचा, आणि मग मारायचा.

मला हे कागदावर समजलं. दादारावला हातात समजलं. मी दाखवायला गेलो तेव्हा माझा बॉल टोकापर्यंत आला आणि पुढे गेला. दादाराव चार दिवसांत पाचपैकी तीन पट्ट्या पाडायला लागला. थांबलेल्या बॉलकडे तो असा बघायचा जसं मापात बसलेल्या पार्टकडे बघतात. मार्क वीस हजार झाले, मग सत्तावीस, एकदा पस्तीस. मी घरी मोठ्या आवाजात बोलायला लागलो असं बायको म्हणायची.

आणि तेव्हाच चार नंबर प्रेस अडायला लागली. खंडेनवमीला सहा दिवस होते. फोरमनची तक्रार आली की सोनवणेच्या प्रेसचं बटण काम करत नाही, तासाला दहा वेळा प्रेस खाली येत नाही. मी जाऊन उभा राहिलो. बटणाला काही झालेलं नव्हतं. दादाराव पार्ट ठेवायचा आणि फक्त उजवं दाबायचा. मग दचकून डावं. प्रेस अर्थातच ढिम्म. सर्किट माझं असल्यामुळे धोका काही नव्हता, हे माझं नशीब. पण माल कमी पडत होता. कस्तुरे साहेबांनी विचारलं, चार नंबरला काय झालंय? मी म्हणालो, स्विच बघतोय. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

त्या संध्याकाळी मी दादारावला म्हणालो, आपण हे बंद करू. मशीन गेलं तर गेलं. तुझं रेकॉर्ड खराब व्हायला नको. मला खरंच वाईट वाटत होतं. वीस वर्षं त्याच्या नावावर एक रिमार्क नव्हता, आणि माझ्या एका फुशारकीसाठी मी त्याचे हात बिघडवून ठेवले होते.

तो खाली वाकला, सेफ्टी शूज काढले, मोजे आत खोचले आणि अनवाणी मशीनसमोर उभा राहिला. तीन बॉल खेळला. अठ्ठावीस हजार. मग म्हणाला, "साहेब, बूट घातले की दोन्ही हात. बूट काढले की एकेक. येवढं ध्यानात ऱ्हातंय मला."

मी त्या उपायाची कुठेही नोंद केली नाही, कारण कोणत्या रकान्यात करायची ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चार नंबर प्रेस एकदाही अडली नाही.

खंडेनवमीला सगळी मशीनं बंद. प्रत्येक प्रेसला झेंडूची माळ, आपट्याची पानं, उसाची दांडी. पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि अख्खी कंपनी कॅन्टीनमध्ये घुसली. पिनबॉललाही माळ घातलेली होती. ती मी आधीच उतरवून ठेवली. यंदा कुणी कशावर स्टिकर लावत नाही ना, हेही सकाळपासून बघत होतो.

कस्तुरे साहेब आधी खेळले. माणूस खेळायचा सुंदर, हे कबूल केलं पाहिजे. बॉल थांबवायचे, मारायचे, घाई नाही. पट्ट्या, बोनस, सगळं त्यांना ठाऊक होतं. तीन बॉलमध्ये बेचाळीस हजार सहाशे. त्यांनी बाह्या सोडल्या आणि बाजूला उभे राहिले. ऑफिसच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादारावनं बूट काढले. पूजेचा दिवस, म्हणून लोकांना वाटलं देवासाठी काढले. पुढच्या दोन-तीन जणांनीही काढले.

पहिला बॉल घाबरून लवकर गेला. दुसरा बरा चालला. दोन्ही मिळून बावीस हजार झाले. तिसरा बॉल त्यानं सोडला आणि पहिल्यांदा उजव्या फ्लिपरवर थांबवला. आमच्या लोकांनी आमच्या माणसाला बॉल थांबवताना कधी पाहिलंच नव्हतं. एक पट्टी पडली. परत थांबवला. दुसरी. मध्ये बॉल टोप्यांमध्ये अडकून बराच वेळ वाजत राहिला, एकदा फटीच्या काठावरून परत आला. पाचवी पट्टी पडली, बोनस दुप्पट झाला, पट्ट्या पुन्हा उभ्या राहिल्या. आता माणसं मागून रेटायला लागली. कुणी खुर्चीवर, कुणी टेबलावर, कुणाचे हात माझ्या खांद्यावर. सहावी, सातवी, आठवी पट्टी पडली. मार्क सत्तावीस हजार चारशे. बॉल परत उजव्या फ्लिपरवर येऊन बसला.

दादाराव थांबला. बटण दाबून धरलेलं, बॉल खोबणीत. सगळे ओरडत होते, हाण, हाण. मीही ओरडत होतो. पंधरा हजार कमी होते आणि हा दिव्यांच्या ओळीकडे बघत उभा. मागून रेटा आला, माझं कोपर पेटीला घासून गेलं. आत ओळंबा हलल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

दादारावनं बटण सोडलं. मारलं नाही. दोन्ही हात मशीनवरून उचलून मागे घेतले. बॉल फळीवरून सरकत टोकाला आला आणि शांतपणे फटीतून खाली गेला.

कॅन्टीनमधून जो सुस्कारा निघाला तो मी विसरणार नाही. कुणीतरी मागे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मला वाटलं, माणूस घाबरला, हात गळाले त्याचे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो.

तेवढ्यात मशीन मोजायला लागलं. टक्, एक दिवा विझला, दोन हजार. टक्, आणखी दोन हजार. लोक निघायला वळले होते ते थांबले. टक्. टक्. आठ दिवे, दुप्पट. आठवा विझला तेव्हा काचेवर आकडा होता त्रेचाळीस हजार चारशे.

आधी कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं, आणि पुढची दोन मिनिटं मला दादाराव दिसलाच नाही. तो लोकांच्या हातांवर होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुपाचा धूर होता, असं मी तेव्हा सांगितलं.

गर्दी जरा हटल्यावर कस्तुरे साहेबांनी त्याला विचारलं, बॉल हातात होता, आणखी मार्क झाले असते, सोडला का?

"नग पुरे झाले व्हते, साहेब," दादाराव बूट घालत म्हणाला. "आठ दिवे, डबल. मोजले म्या. मागून लोक अंगावर यायलेत, कुणाचा धक्का लागला असता तर सगळंच गेलं असतं. माल झाल्यावर प्रेसवर हात कशाला ठेवायचा?"

साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. मला म्हणाले, "गायके, मशीन खाली राहू द्या." आणि पेढा न घेताच वर गेले.

मशीन खालीच राहिलं. ते कार्ड मी मराठीत लिहून शेजारी भिंतीवर लावलं. लाथा बंद झाल्या, कारण बोनस बुडतो हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पंधरा दिवस कस्तुरे साहेब पार्टिशनच्या बाहेर आले नाहीत. सोळाव्या दिवशी जेवण झाल्यावर आले, बाह्या दुमडल्या आणि सवयीनं सरळ मशीनकडे निघाले. डबा हातात धरलेल्या दादारावनं अदबीनं सांगितलं, "साहेब, लाइन तिकडून हाय." साहेब क्षणभर थांबले, मग मुकाट्यानं शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे नऊ माणसं होती. त्या दिवशी त्यांचा नंबर लागला नाही, पण प्रेस शॉपमधल्या नऊ माणसांची नावं त्यांना कळली.

मी एकतीस वर्षं लोकांना मशीन चालवायला शिकवलं. हात मशीनवरून कधी काढायचा, हे मला माझ्याच हाताखालच्या ऑपरेटरनं शिकवलं, आणि तेही ओव्हरटाइम न लावता.